वडिलांचं ते मुलांचं : जन्माने की वारशाने?



आजच्या विषयाची घोषणा ऐकून काही मंडळींनी आम्हाला विचारलं, की आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने सातबारा आणि मृत्युपत्र यांवर कशाला बोलावं? शंका रास्त आहे. आम्ही वकील नाही, आणि आजचं व्याख्यान हा कुणाच्या दाव्यातला सल्लाही नाही. पण एखादी वस्तू ‘माझी’ आहे, म्हणजे नेमकं काय आहे? हा प्रश्न वकिलाकडे जाण्याच्या कितीतरी आधी तत्त्वज्ञानाकडे आलेला आहे. आपल्या शास्त्रकारांनी त्याला ‘स्वत्व’ असं नाव दिलं आणि त्यावर शेकडो वर्षं वाद घातला. त्या वादाचा निकाल अजून पूर्ण लागलेला नाही. तो आजच्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात जसाच्या तसा येऊन बसला आहे. हे एक कारण. दुसरं कारण आमच्या घरचं आहे. ते शेवटी सांगू.

आपल्याकडे एक वाक्य सगळ्यांच्या तोंडी असतं: ‘वडिलांचं ते मुलांचं.’ वाक्य खरं आहे. पण केव्हा खरं आहे? वडील हयात असताना, की त्यांच्यानंतर? कुठल्या मालमत्तेबाबत? आणि ‘मुलांचं’ म्हणताना त्यात मुली धरल्या आहेत का? हे तीन प्रश्न न विचारता ते वाक्य वापरलं, की भांडण सुरू होतं. तिशीतला मुलगा वडिलांना सांगतो, घर विका आणि माझा हिस्सा द्या. लग्न झालेल्या मुलीला सांगितलं जातं, तुझं आता इथे काही नाही. नातू म्हणतो, जमीन आजोबांची, म्हणजे त्यात माझा हक्क आहेच. गंमत अशी, की हे तिघेही बहुतेक वेळा चुकलेले असतात, आणि तिघांच्या चुकीचं मूळ एकच असतं.

दोन शास्त्रकार, दोन उत्तरं

आता थोडं मागे जाऊ. इसवी सनाच्या अकराव्या शतकाच्या अखेरीस कल्याणीला, म्हणजे आजच्या बीदर जिल्ह्यातल्या बसवकल्याणला, चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य राज्य करत होता. त्याच्या काळात विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर ‘मिताक्षरा’ ही टीका लिहिली. त्यात त्याने प्रश्न विचारला: मुलाचं वडिलांच्या धनावर स्वत्व कधी निर्माण होतं? वाटणीमुळे ते निर्माण होतं, की आधीपासून असतं आणि वाटणी फक्त ते वेगळं करून दाखवते?

विज्ञानेश्वराचं उत्तर असं, की ते जन्मानेच निर्माण होतं. याला जन्मस्वत्ववाद म्हणतात. त्याची युक्ती बघण्यासारखी आहे. तो म्हणतो, स्वत्व ही केवळ शास्त्रातून कळणारी गोष्ट नाही, ती लौकिक आहे. ज्यांना शास्त्राचा गंधही नाही अशा लोकांतसुद्धा खरेदी-विक्री चालते, ‘हे माझं, ते तुझं’ हा व्यवहार चालतो. मग स्वत्व कशाने निर्माण होतं हे लोकव्यवहारातच पाहायला हवं. आणि लोक तर मुलगा जन्मताच त्याला घराच्या धनाचा धनी मानतात. एका धर्मशास्त्रकाराने ‘स्वत्व शास्त्राने ठरत नाही, लोकांच्या व्यवहाराने ठरतं’ असं म्हणावं, ही लहान गोष्ट नव्हे.

दुसरं उत्तर बंगालमधून आलं. जीमूतवाहनाने ‘दायभाग’ या ग्रंथात सांगितलं, की वडील आहेत तोवर धनी तेच. त्यांचं स्वत्व संपलं, म्हणजे ते वारले, पतित झाले किंवा त्यांनी संन्यास घेतला, की मगच मुलांचं स्वत्व निर्माण होतं. याला उपरमस्वत्ववाद म्हणतात. उपरम म्हणजे थांबणं, संपणं. एकाच वस्तूचे बाप आणि मुलगा एकाच वेळी धनी कसे असतील, असा त्याचा रोख आहे.

बंगाल आणि आसाम सोडून जवळजवळ सगळ्या हिंदुस्थानात मिताक्षरा चालली. आपल्या बाजूला तिच्या जोडीला नीलकंठभट्टांचा ‘व्यवहारमयूख’ही प्रमाण मानला गेला, विशेषतः गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकणात. नीलकंठभट्ट काशीचे, पण घराणं मूळचं पैठणचं. शिवरायांच्या राज्याभिषेकाला आलेले गागाभट्ट याच घराण्यातले. मयूखाची संपादित आवृत्ती महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी काढली आहे.

ही दोन उत्तरं आता मनात नीट धरून ठेवा. जन्माने हक्क, की उपरमाने हक्क? पुढचं सगळं यावर उभं आहे. आणि एक गोष्ट आत्ताच लक्षात ठेवा. मिताक्षरेतला जन्मसिद्ध हक्क मुलग्याचा होता, नातवाचा होता, पणतवाचा होता. मुलीचा नव्हता.

एका कायद्यात दोन तत्त्वं

स्वातंत्र्यानंतर डॉ. आंबेडकरांनी हिंदू कोड बिल मांडलं तेव्हा त्यांनी या वादात सरळ एक बाजू घेतली होती. जन्मसिद्ध हक्काची पद्धत मोडावी, सगळीकडे दायभागासारखी व्यवस्था आणावी आणि मुलीला मुलाच्या बरोबरीचा वाटा द्यावा. ते बिल रखडलं. १९५१ मध्ये त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला, त्यामागच्या मोठ्या कारणांपैकी हे एक. पुढे बिलाचे तुकडे करून ते संमत झाले. त्यातला हिंदू उत्तराधिकार कायदा १७ जून १९५६ पासून लागू झाला. संसदेत तो नेण्याचं काम हरी विनायक पाटसकरांनी केलं, म्हणजे पुन्हा एका मराठी माणसाने.

पण १९५६ च्या कायद्याने वादाचा निकाल लावला नाही. तडजोड केली. माणसाच्या स्वतःच्या मालमत्तेला उपरमाचं तत्त्व लावलं. तो मृत्युपत्र न करता वारला, तर मुलगा, मुलगी, विधवा पत्नी आणि आई हे पहिल्या वर्गातले वारस, आणि सगळ्यांना सारखा वाटा. आधीच वारलेल्या मुलाची किंवा मुलीची मुलं असतील तर ती आपल्या आईबापाच्या जागी उभी राहतात. वारलेल्या मुलाची विधवाही त्यांच्यासोबत येते. जाता जाता सांगतो: या पहिल्या वर्गात मृताची आई आहे, वडील नाहीत. वडील दुसऱ्या वर्गात आहेत.

मात्र एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेला जन्माचं तत्त्व तसंच ठेवलं. तिथे जे जन्माने हक्कदार असतात त्यांना कायद्याच्या भाषेत सहदायाद म्हणतात. १९५६ नंतरही सहदायाद फक्त पुरुषच राहिले.

याचा परिणाम आकड्यांत बघू, म्हणजे डोळ्यांसमोर येईल. एक कुटुंब घ्या: वडील, आई, एक मुलगा, एक मुलगी. नऊ एकर वडिलोपार्जित जमीन. वडील १९८० मध्ये मृत्युपत्र न करता वारले. कायदा म्हणतो, वडिलांच्या मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असं समजा. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मगदूम कुटुंबाच्या खटल्यात ही समजुतीची वाटणी कशी करायची ते स्पष्ट केलं. वाटणी बाप-लेकात होते, आणि आपल्याकडे अशा वाटणीत आईलाही मुलाइतका हिस्सा मिळतो. म्हणजे वडील तीन एकर, मुलगा तीन, आई तीन. मुलगी शून्य. आता वडिलांचे तीन एकर वारशाने जाणार: आई एक, मुलगा एक, मुलगी एक. बेरीज करा. आई चार एकर, मुलगा चार एकर, मुलगी एक.

हीच नऊ एकर वडिलांनी स्वतःच्या कमाईतून घेतलेली असती तर? तिघांना तीन-तीन-तीन. मुलगी तीच, बाप तोच, जमीन तेवढीच. फरक फक्त एवढाच, की कुठलं तत्त्व लावलं. न्याय-अन्यायाचा प्रश्न असा एखाद्या व्याख्येच्या आत लपून बसलेला असतो, हे आम्ही वर्गात सांगायचो. विद्यार्थ्यांना ते उदाहरणाशिवाय पटायचं नाही. हे उदाहरण तेव्हा सुचलं असतं तर बरं झालं असतं.

मुलगी सहदायाद झाली

हे दुरुस्त व्हायला एकोणपन्नास वर्षं लागली. केरळने १९७५ च्या कायद्याने एकत्र कुटुंबाची पद्धतच रद्द केली. आंध्र, तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र यांनी दुसरा मार्ग धरला: मुलीलाच सहदायाद केलं. महाराष्ट्राची दुरुस्ती २२ जून १९९४ पासून लागू झाली. पण तीत एक मेख होती. ज्या मुलींची लग्नं त्या तारखेआधी झाली होती, त्यांना वगळलं होतं. म्हणजे दोन सख्ख्या बहिणी. थोरलीचं लग्न मे महिन्यात झालं, धाकटीचं डिसेंबरात. धाकटी सहदायाद, थोरली नाही.

मग केंद्राची दुरुस्ती आली, ९ सप्टेंबर २००५ पासून. मुलगी जन्माने सहदायाद, मुलग्यासारखीच. तिचं लग्न झालेलं असो वा नसो. हक्क सारखा, आणि कर्जाची-जबाबदारीची बाजूही सारखी. आता आपलं नऊ एकरांचं उदाहरण पुन्हा करू. समजुतीच्या वाटणीत वडील, आई, मुलगा, मुलगी असे चार हिस्से, प्रत्येकी सव्वादोन एकर. वडिलांचे सव्वादोन एकर तिघांत वाटले की प्रत्येकी पाऊण एकर. सव्वादोन अधिक पाऊण, तीन. आई तीन, मुलगा तीन, मुलगी तीन. एकावरून तीनवर.

यानंतर पंधरा वर्षं एक प्रश्न कोर्टात फिरत राहिला. वडील ९ सप्टेंबर २००५ च्या आधीच वारले असतील तर मुलीला हा हक्क मिळेल का? सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन निकालांतून वेगवेगळे अर्थ निघत होते. शेवटी ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितलं, की हक्क जन्माने आहे, म्हणून त्या दिवशी वडील हयात असण्याची अट नाही. बघा, नऊशे वर्षांपूर्वीची विज्ञानेश्वराची युक्ती, ‘हक्क जन्माने येतो’, ती आता मुलीच्या बाजूने उभी राहिली. त्याने ती मुलग्यांसाठी मांडली होती. युक्ती खरी असेल तर ती कुणासाठी मांडली याची पर्वा करत नाही.

एक मर्यादा मात्र आहे. २० डिसेंबर २००४ पूर्वी मालमत्तेची खरोखरीची वाटणी किंवा विक्री होऊन गेली असेल, तर ती उकरता येत नाही. ‘तोंडी वाटणी झाली होती’ एवढं म्हणून मात्र सहसा भागत नाही. नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा कोर्टाचा हुकूमनामा लागतो. तोंडी वाटणी अपवादानेच मानली जाते, तीही सरकारी कागदपत्रांनी पक्की शाबीत झाली तर.

आजोबांची म्हणजे वडिलोपार्जित नव्हे

आता सुरुवातीच्या नातवाकडे येऊ. सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे.

आजोबांनी स्वतःच्या कमाईतून जमीन घेतली. ते १९७० मध्ये मृत्युपत्र न करता वारले. जमीन वडिलांकडे आली. नातवाला वाटतं, ही माझ्या दृष्टीने वडिलोपार्जित झाली. जुन्या मिताक्षरेप्रमाणे झालीही असती. पण १९८६ मध्ये चंदर सेन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की १९५६ च्या कायद्याने वारस म्हणून जे मिळतं ते त्या वारसाचं स्वतःचं असतं. कारण पहिल्या वर्गाच्या यादीत मुलगा आहे, पण ज्याचा बाप हयात आहे असा नातू नाही. म्हणजे ती जमीन वडिलांची स्वतःची. वडील ती विकू शकतात, दान करू शकतात, मृत्युपत्राने कुणालाही देऊ शकतात. नातवाचा त्यात जन्मसिद्ध हक्क नाही.

मग आज वडिलोपार्जित काय उरतं? जी मालमत्ता १९५६ च्या आधीपासून पिढ्यान् पिढ्या एकत्र कुटुंबात चालत आली, किंवा अशा मालमत्तेच्या वाटणीत जो हिस्सा वाट्याला आला, तो त्याच्या मुलांच्या दृष्टीने वडिलोपार्जित राहतो. आईकडून, मामाकडून आलेलं वडिलोपार्जित नसतं. थोडक्यात, जन्मसिद्ध हक्काचं क्षेत्र दर पिढीला आक्रसत चाललं आहे. आंबेडकरांना जे एका कायद्याने करायचं होतं, ते काळ हळूहळू करतो आहे.

आणि त्या तिशीतल्या मुलाचं काय? वडिलांचं घर त्यांच्या कमाईचं असेल, तर वडील हयात असेपर्यंत मुलाचा त्यात मालकीहक्क नाही. मुलीचाही नाही. आहे ती फक्त आशा, आणि आशा म्हणजे मालमत्ता नव्हे. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातच म्हटलं आहे, की भावी वारसाला मिळू शकेल अशा गोष्टीचं हस्तांतरण करता येत नाही. याची दुसरी बाजूही लक्षात घ्या: वडील हयात असताना त्यांच्या स्वकष्टार्जित घरावरचा ‘हक्क’ मुलीकडून लिहून घेतला, तर साधारणपणे त्या कागदाला अर्थ नसतो. जे अजून तिचं नाही, ते ती सोडणार कसं?

वडिलांना आपल्या मालमत्तेचं मृत्युपत्र करता येतं, आणि त्यात ते एखाद्या मुलाला किंवा मुलीला पूर्णपणे वगळू शकतात. एकत्र कुटुंबातल्या आपल्या हिश्श्यापुरतंही ते मृत्युपत्र करू शकतात. इतरांच्या हिश्श्याचं नाही. हे सगळ्या भारतात असंच आहे असं मात्र नाही. शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेची परंपरा आहे, आणि ती २०१२ च्या राज्याच्या कायद्याने पुढे चालू ठेवली आहे. तिथे हिंदू असो वा ख्रिस्ती, मुलं असतील तर निम्मी मालमत्ता त्यांच्यासाठी राखीव. मृत्युपत्र चालतं ते उरलेल्या निम्म्यावर. आईबापांच्या मर्जीला किती जागा द्यायची, या प्रश्नाला सिंधुदुर्गात एक उत्तर आणि तेरेखोल ओलांडली की दुसरं.

मूल कुणाला म्हणायचं?

हा भाग थोडक्यात घेऊ. दत्तक मूल दत्तकाच्या दिवसापासून त्या घरचं मूल. हक्क पोटच्या मुलाइतकाच. वडील वारले तेव्हा आईच्या पोटात असलेलं मूल पुढे जिवंत जन्मलं, तर त्यालाही वाटा. दोन पत्नींची मुलं असतील तर वडिलांच्या मालमत्तेत सगळी सारखी. लग्न कायद्याने अवैध ठरलं तरी त्या लग्नाच्या मुलांना आईवडिलांच्या मालमत्तेत हक्क आहे. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असंही सांगितलं, की वडिलोपार्जित मालमत्तेत वडिलांचा जो हिस्सा निघेल त्यातही त्यांना वाटा मिळतो. ती स्वतः सहदायाद मात्र होत नाहीत. आईबापाच्या चुकीची शिक्षा मुलाला नको, एवढंच यामागचं तत्त्व.

जुन्या स्मृतींत आंधळा, मुका, रोगी अशांना वारशातून वगळलं होतं. त्यांच्या वाट्याला फक्त पोटगी. धृतराष्ट्राचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. आजच्या कायद्याचं अठ्ठाविसावं कलम म्हणतं, रोग, दोष किंवा व्यंग यामुळे कुणाचाही वारसा जात नाही. वारसा जातो तो खुनामुळे: ज्याच्याकडून वारसा मिळणार त्याचाच खून करणाऱ्याला काही मिळत नाही. बौद्ध, जैन आणि शीख यांनाही हा कायदा लागू आहे. अनुसूचित जमातींना तो आपोआप लागू होत नाही, हेही लक्षात असू द्या.

आईची मालमत्ता? तिला सहदायादी वगैरे काही नाही. ती पूर्णपणे तिची. ती मृत्युपत्राशिवाय गेली तर मुलगे, मुली आणि पती यांना सारखा वाटा.

सोडणं आणि सुटणं

आता घरची गोष्ट. आम्ही दोघे भाऊ आणि एक थोरली बहीण, अक्का. वडिलांनी नोकरीच्या पैशातून तालुक्याच्या गावी घर बांधलं होतं. १९८७ मध्ये ते गेले. मृत्युपत्र नव्हतं. अक्काला सासरहून बोलावून घेतलं आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत तिने हक्कसोडपत्रावर सही केली. सही कुठे करायची एवढंच तिने विचारलं. घरी आल्यावर आमच्या पत्नीने तिची ओटी भरली, साडी दिली. अक्का संध्याकाळच्या गाडीने परत गेली. कुणी फसवलं नाही, कुणी दमदाटी केली नाही. गावात सगळ्यांकडे तसंच होत होतं. घर स्वकष्टार्जित होतं, म्हणजे तेव्हाच्या कायद्यानेही तिचा त्यात चौथा हिस्सा होता. हे तिला माहीत नव्हतं. आम्हाला माहीत होतं का? आम्ही विचारलंच नव्हतं, हे खरं उत्तर. त्या वर्षी आम्ही वर्गात न्यायाच्या संकल्पनेवर शिकवत होतो.

त्या काळी तिने वाटणी मागितली असती तरी अडचणच होती. मुलगे राहत्या घराची वाटणी करायचं ठरवत नाहीत तोवर मुलीला ती मागता येत नसे, अशी तरतूद होती. तीही २००५ मध्ये गेली.

पुढे १९९९ मध्ये आई गेली. २०१४ मध्ये आम्ही घर विकायला काढलं, तेव्हा घेणाऱ्याच्या वकिलाने वारसांचे कागद मागितले आणि सांगितलं, आईच्या चौथ्या हिश्श्यात तुमच्या बहिणीचा पुन्हा हक्क आला आहे. आणखी एक हक्कसोडपत्र करून घ्या, नेहमीचंच आहे. या वेळी आम्ही कागद तिला आधी वाचून दाखवला. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, “म्हणजे सत्त्याऐंशीलाही माझा हिस्सा होता का रे?” होता, म्हटलं. चौथा. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “सांगितलं असतंस तरी मी दिलाच असता. पण मग मी दिला असता.”

आपल्या शास्त्रकारांनी दानाची व्याख्या केली आहे: आपलं स्वत्व मागे घेणं आणि त्या जागी दुसऱ्याचं स्वत्व निर्माण करणं. या व्याख्येत एक अट न सांगता आलेली आहे. आपलं स्वत्व आहे हे देणाऱ्याला ठाऊक हवं. ठाऊक नसताना जे जातं ते सोडलेलं नसतं, सुटलेलं असतं. अक्काचं बोलणं तेवढंच होतं. आम्हाला मात्र ती व्याख्या त्या दिवशी कळली.

विक्रीचे पैसे आम्ही तिघांत सारखे वाटले. यात औदार्य काही नाही, आणि सत्तावीस वर्षं भरूनही येत नाहीत. हक्कसोडपत्र वाईट असतं असंही आमचं म्हणणं नाही. बहिणीने समजून-उमजून भावाला हिस्सा द्यावा, हा तिचा अधिकारच आहे. म्हणणं एवढंच, की सहीच्या आधी तिला तीन गोष्टी सांगा: मालमत्ता कुठली, तिचा हिस्सा किती, आणि त्याची आजची किंमत काय. मग ती जे ठरवेल ते ठरवेल. ओटी त्यानंतर भरा.

श्रोत्यांचे प्रश्न

*वडील वारल्यावर फेरफारात फक्त भावांची नावं लागली. बहिणीचा हक्क गेला का?*

नाही. तलाठ्याकडची वारस नोंद महसुलासाठी असते. तिने मालकी निर्माण होत नाही आणि जातही नाही. पण नोंदीची नोटीस येते तेव्हा हरकत घेणं सोपं असतं; वीस वर्षांनी दावा लावणं अवघड. म्हणून गप्प बसू नका. आणि हक्कसोडपत्र नोंदणीकृत नसेल, तर ते स्थावर मालमत्तेला पुरत नाही, हेही बघून घ्या.

*न वाचता सही केलेलं नोंदणीकृत हक्कसोडपत्र रद्द होतं का?*

फसवणूक किंवा दबाव सिद्ध झाला तर कोर्ट ते रद्द करू शकतं. पण सिद्ध करणं सोपं नाही आणि मुदतीचा कायदा आडवा येतो. कागदपत्रं घेऊन लवकर वकिलाकडे जा. नुसतं ‘मला माहीत नव्हतं’ म्हणणं कायद्याला सहसा पुरत नाही. नीतीला ते पुरावं, असं आम्हाला वाटतं; पण त्यासाठी कोर्टात नव्हे, भावाकडे जावं लागेल.

*मुलांच्या नावावर घर केलं आणि आता मुलं विचारत नाहीत. काय करावं?*

२००७ चा ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. सांभाळ करण्याच्या अटीवर बक्षीसपत्र केलं असेल आणि मुलं ती अट पाळत नसतील, तर न्यायाधिकरण ते रद्द करू शकतं. अट कागदावर स्पष्ट लिहिलेली असली म्हणजे काम सोपं होतं. आणि आमचं वैयक्तिक मत विचाराल तर, आपल्या हयातीत राहतं घर कुणाच्या नावावर करू नये. मृत्युपत्र करावं. दोन साक्षीदारांसमोर सही करावी, त्या दोघांनीही सह्या कराव्यात. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी. आणि मृत्युपत्रात काय लिहिलं आहे ते मुलांना, आणि मुलींना, आपण असतानाच सांगावं.

वेळ संपली. पुढच्या वेळी याच वादाचा राहिलेला धागा घेऊ: स्त्रीधन.